चार वर्षांची चाळिशी

आमची बाय, माझी लेक, खळ्यात उन्हात आली की डावा डोळा मिटून घ्यायची. एकच. उन्हात दोन्ही डोळे बारीक करणं, कपाळावर आडवा हात धरणं हे सगळ्यांचंच असतं. ही मात्र उजव्याने सरळ बघायची आणि डावा इतका घट्ट मिटायची की त्या बाजूचा गाल वर जायचा. आम्हाला त्याचं कौतुक. शेजारच्या वहिनी तर मुद्दाम म्हणायच्या, "बाय, डोळो मार मगो." ती मारायची. सगळे हसायचे, मीही.

मग चतुर्थीला मुंबईहून नणंद आली. विसर्जनाच्या दिवशी किनाऱ्यावर काढलेले फोटो रात्री पडवीत बसून बघत होतो. एका फोटोत बाय लांब समुद्राकडे बघत उभी होती. नणंदेने दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि गप्प झाली. एक डोळा समुद्राकडे होता, दुसरा डावीकडच्या माडांकडे.

"असां कधीपासून?" तिने विचारलं. मला उत्तर देता येईना. सासूबाईंना आलं. "ता लक्ष्मीचा लक्षान आसा. माज्या आत्येक होता." विषय तिथेच मिटला असता, पण त्यानंतर मला तो डोळा सारखा दिसू लागला. सकाळी नीट असायचा. शाळेतून मी घरी येईपर्यंत, संध्याकाळी ती दमली, झोपेला आली, ताप आला, किंवा नुसती पायरीवर बसून लांब कुठेतरी बघत राहिली, की डावा डोळा हळूच बाहेर सरकायचा. हाक मारली की पापणी लवायची आणि डोळा जागेवर. जणू काही झालंच नाही.

मी प्राथमिक शाळेत मास्तरीण आहे. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला फळा दिसत नसेल तर मला पहिल्या आठवड्यात कळतं, अशी माझी समजूत. घरातलं कळायला नणंद लागली.

पहिली फेरी जवळच्याच शहरात. तिथल्या डॉक्टरांनी बायला यंत्रात डोकवायला लावलं, कागदाची पट्टी बाहेर आली, टॉर्च मारून डोळे पाहिले. म्हणाले, "डोळा बाहेर जातोय. प्लसचा थोडा नंबर आहे, दीडच्या आसपास. पण चष्मा नको. डोळा बाहेर जाणाऱ्या मुलाला प्लसचा चष्मा दिला तर तो आणखी बाहेर जातो. वर्षाने या." मी बरं म्हटलं. चार वर्षांच्या पोरीला चष्मा नको म्हणणारा डॉक्टर कुठल्या आईला आवडणार नाही?

त्या डॉक्टरांवर माझा पुढे फार राग होता. आता तेवढा नाही. त्यांनी सांगितलेला नियम बरोबर होता. आकडा चुकला होता. हे कळायला मला अर्धं वर्ष आणि आंबोलीचा घाट लागला.

वर्षभर थांबले नाही, अर्धंच वर्ष वाट पाहिली, कारण तो डोळा आता दिवसाही जायला लागला होता. वेंगुर्ल्याहून पहाटेची एसटी, सावंतवाडी, आंबोली, आजरा, निपाणी, कोल्हापूर. घाटात बाय दोनदा ओकली. कोल्हापुरात फक्त लहान मुलांचे आणि तिरळेपणाचेच डोळे बघणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. यंत्राची पट्टी त्यांनी बघितली आणि बाजूला ठेवली. टॉर्चही नाही मारला. आइस्क्रीमच्या काडीवर नखाएवढं मांजर चिकटवलेलं होतं, ते बायच्या नाकासमोर धरून विचारलं, "मनीला मिशा किती?" बाय मोजायला लागली. ती मोजत असताना बाई एकदा उजवा डोळा झाकायच्या, एकदा डावा, आणि झाकण काढलं की कुठला डोळा किती हलून जागेवर येतो ते बघायच्या. नुसत्या उजेडाकडे बघायला डोळ्याला काही जोर लावावा लागत नाही, मिशा मोजायला लागतो, म्हणून मांजर. मग काचेच्या लोलकांची एक लांब पट्टी डोळ्यासमोर वरखाली सरकवली आणि माप लिहिलं. लांबचं बघताना ३० प्रिझम. एक प्रिझम म्हणजे मीटरभर अंतरावर नजर एक सेंटिमीटर बाजूला वळवणारा लोलक, हे त्यांनीच सांगितलं. मीटरभरावर ३० सेंटिमीटर! वर्गातली पट्टी मी रोज हातात घेते, त्यामुळे ते माप मला फार नीट समजलं.

मग त्या म्हणाल्या, "नंबर मात्र मी आज सांगणार नाही. आधी मलम."

ॲट्रोपिनचं मलम. १ टक्क्याचं. तीन दिवस घरी घालायचं, तांदळाच्या दाण्याएवढं, खालच्या पापणीच्या आत. घातल्यावर नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकावाटे अंगात कमी जातं. आपले हात धुवायचे. तोंड लाल झालं, अंग तापलं तर थांबवून फोन करायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी बायचे गाल जांभासारखे लाल झाले आणि तोंड कोरडं पडलं. एप्रिलचा उकाडा की औषध, मला कळेना. फोन केला. पुढची मात्रा थांबवली, अंग ओल्या फडक्याने पुसलं, रात्रीपर्यंत उतरलं.

पण सांगायचंय ते वेगळंच. हे मलम बाहुली मोठी करतं आणि डोळ्याच्या आतल्या स्नायूला झोपवतं. जवळचं, लांबचं स्पष्ट करण्यासाठी डोळ्यातलं भिंग कमीजास्त फुगतं. ते फुगवणारा हा स्नायू. तो झोपला की डोळा उघडा पडतो, त्याचा खरा नंबर लपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाय न्याहारीला बसली. पुढ्यात पेज, शेजारी पेला. तिने पेल्याकडे हात नेला तो पेल्याच्या अलीकडेच थांबला. मग चाचपडत पुढे. मीठ कुठे, लोणचं कुठे, तिला कळेना. रडली नाही. बोटाने चाचपत राहिली. आणि ताटाशी बसल्या बसल्या माझ्या डोक्यात उजेड पडला की माझी पोर जन्मापासून काय ओझं ओढत होती. औषधाने तिचा फक्त जोर काढून घेतला होता. बाकी डोळे तेच होते.

चौथ्या दिवशी परत घाट. उजवा पावणेपाच, डावा साडेपाच. प्लस.

"म्हणजे हिला लांबचं चांगलं दिसतं ना?" नवऱ्याने विचारलं. दीर्घदृष्टी, दूरदृष्टी असले शब्द आपल्या कानावरून गेलेले असतात आणि त्यांत काहीतरी मोठेपणाच वाटतो. तसं नसतं. प्लस नंबरच्या डोळ्यात चित्र पडद्याच्या मागे उमटतं. ते पडद्यावर आणायला भिंग फुगवावं लागतं, लांबच्या माडासाठीसुद्धा, आणि जवळच्या अक्षरासाठी त्याहून पुष्कळ जास्त. तान्ही मुलं बहुतेक सगळी थोडी प्लसचीच असतात, साधारण दोनच्या आसपास, आणि वाढता वाढता ते उतरतं. लहान मुलाचं भिंग इतकं लवचिक असतं की तेवढा नंबर ते सहज पेलतं. म्हणूनच शाळेतल्या तपासणीत लांबचा तक्ता वाचून अशी पोरं पास होतात. मी स्वतः किती जणांच्या नावापुढे "दृष्टी ठीक" लिहिलंय कोण जाणे.

आणि यंत्राच्या पट्टीवर दीडच का आला, तर यंत्रात डोकावताना मूल जोर लावतं. त्या क्षणापुरतं बायने भिंग फुगवलं, नंबर पोटात घातला, आणि यंत्राने उरलेला छापला.

आता गंमत अशी, की नियमाप्रमाणे आमच्या बायचा डोळा बाहेर जायलाच नको होता. आत यायला हवा होता. ते मला रापणीवरून, किनाऱ्यावरून ओढतात त्या मोठ्या जाळ्यावरून, समजलं. रापणीचं हे माझं, डॉक्टरीणबाईंचं नाही. त्यांनी मला डोळ्याचं प्लास्टिकचं मॉडेल दाखवलं होतं आणि त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं होतं.

रापण ओढताना बघितलीय ना? दोराचं एक टोक किनाऱ्यावर माणसांच्या हातात देऊन होडी जाळं सोडत सोडत आत जाते, मोठा अर्धगोल घेते आणि दुसरं टोक बरंच पुढे आणून देते. मग दोन्हीकडे माणसं लागतात ओढायला. आणि ओढता ओढता दोन्ही टोळ्या एकमेकींकडे सरकत जातात. जाळं जितकं जवळ, तितक्या त्या जवळ. शेवटी मासळी वाळूत येते तेव्हा दोन्हीकडची माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. डोळ्यांचं तेच. वस्तू जवळ आली की भिंग फुगवायला जोर लागतो आणि त्याच वेळी दोन्ही बाहुल्या नाकाकडे सरकतात. जोर आणि सरकणं एकाच दोराला बांधलेलं आहे, एक केलं की दुसरं होतंच.

म्हणून प्लस नंबरचं पोर दिवसभर जोर लावत असतं तर त्याचे डोळे दिवसभर आत ओढले जातात, आणि आत तिरळे होतात. प्लसचा नंबर आणि आत वळलेला डोळा यांची ही गाठ नेदरलँड्सच्या डोंडर्स नावाच्या डॉक्टरने १८६४ साली ग्रंथात लिहून ठेवली. अशा मुलाला पूर्ण नंबरचा चष्मा घातला की जोर लावावा लागत नाही आणि पुष्कळदा डोळा सरळ होतो, शस्त्रक्रियेशिवाय.

आमच्याकडे सगळं उलटं. जोर एवढा, आणि डोळा बाहेर?

"ती जोर टिकवतच नाही," बाई म्हणाल्या. "यंत्रात दोन सेकंद लावते. दिवसभर साडेपाच कोण उचलणार? तिने सोडून दिलंय. दोन्ही डोळ्यांना पुसट दिसतं, मेंदूला जुळवायला दोन स्पष्ट चित्रंच मिळत नाहीत, मग एक डोळा जातो भटकायला." जाळं आवाक्याबाहेर जड असलं की टोळी दोर सोडून वाळूत बसते, तसं. तेव्हा अशा मुलाला चष्मा द्यायचा. चष्मा म्हणजे ओढायला आलेले जास्तीचे हात. ओझं पेलण्याइतकं झालं की टोळी उठून परत दोराला लागते.

हे मला पटलं, आणि लगेच बाहेरच्या बाकावर विस्कटलंही. तिथे राजापूरकडचे एक गृहस्थ बसले होते, अणुस्कुऱ्याने आलेले, मांडीवर सहा वर्षांचा मुलगा. त्याचाही डोळा बाहेर जाणारा, त्यालाही प्लसचा नंबर, दोन. कुणीतरी पूर्ण नंबरचा चष्मा दिला होता आणि चष्म्याने डोळा जास्तच जायला लागला. याच बाईंनी त्याचा चष्मा काढायला लावला होता. "आमका काढूक सांगल्यान, तुमका घालूक," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे संशयाने बघत बसलो. एकच आजार, एकच डॉक्टर.

परतीच्या गाडीत मी रापण पुन्हा डोक्यात ओढून बघितली. त्या मुलाचं जाळं हलकं होतं. त्याची टोळी छान ओढत होती आणि त्या ओढण्यानेच दोन्ही बाजू जवळ येत होत्या. चष्मा लावला आणि काम आयतं झालं, टोळीने हात सोडले, दोर सैल, डोळा बाहेर. पहिल्या डॉक्टरांचा नियम त्या मुलासाठी होता. आमची बाय दीडची असती तर तो तिलाही लागू झाला असता.

बायला पूर्ण नंबरही दिला नाहीच. दोन्हीकडून सारखंच पाऊण कमी केलं. उजवा चार, डावा पावणेपाच. दोन डोळ्यांमधला फरक तसाच ठेवायचा, कारण एकाच डोळ्याचा जास्त कापला तर तो डोळा मागे पडतो. थोडं ओझं तिच्या हातात राहू द्यायचं, म्हणजे दोराला ताण राहतो. किती राहू द्यायचं, हे प्रत्येक मुलाचं वेगळं. देऊन बघायचं, सहा आठवड्यांनी मोजायचं. सुरुवातीला डोळा जास्त जातोय असं वाटलं तर फोन करा, म्हणाल्या. औषधोपचारात "देऊन बघायचं" हा शब्द मला पूर्वी हलगर्जीपणाचा वाटायचा.

घरी वेगळीच रापण. सासूबाई म्हणाल्या, "चार वर्सांच्या चेडवाक चाळशी? लोक काय म्हणतले?" आणि खरंच ती चाळिशीच होती. प्लसचं भिंग, माणसाला चाळिशीनंतर लागतं तेच, फक्त दुपटीहून जास्त. त्या भिंगामागे बायचे डोळे एवढे मोठे दिसायचे की पहिले काही दिवस माझीच माझ्या पोरीशी ओळख पटेना. मागे इलॅस्टिकची पट्टी. पंधरा दिवस ती चष्म्यावरून बघायची, भिंगातून नाहीच. एवढ्या वर्षांची डोळ्यांची सवय एका दिवसात सुटत नाही. मग एका सकाळी खळ्यात उकिडवी बसून मोठ्याने ओरडली, "आई, मुंगयेक पाय आसत!"

आपल्याकडची हवा चष्म्याला वैरीण. नाकावरच्या पॅडला आठ दिवसांत हिरवा गंज चढतो. वाळूने चरे पडतात. पावसाळ्यात चुलीपाशी गेली की काचा धुरकट, बाहेर आली की थेंब. सासूबाई दिवसातून दहा वेळा पदराने पुसायच्या. मी म्हणायची चरे पडतील, त्या म्हणायच्या माझा पदर मऊ आहे. एकदा शाळेतून आले तर बायचा चष्मा सासूबाईंच्या हातात. डोळ्याला लागत नव्हता, लहान पडत होता, म्हणून भिंगासारखा वर धरून त्या कालनिर्णयवरची तिथी वाचत होत्या. मला बघून म्हणाल्या, "माज्यापेक्षा हो बरो." त्यानंतर लोक काय म्हणतले हा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

डावा डोळा मागे पडलेला होताच. तक्त्यावर ६/२४, धड डोळ्याला २४ मीटरवरून दिसतं ते अक्षर त्याला ६ मीटरवरून. म्हणून डाव्याला कामाला लावायला उजव्यावर पट्टी, रोज दोन तास. मला वाटलं दोनच? सहा लावू, लवकर होईल. तर मध्यम अधूपणात, म्हणजे डोळा असा मागे पडलेला असताना, दोन तास आणि सहा तास यांनी सारखाच फरक पडतो, हे अमेरिकेत मुलांवर अभ्यास करून २००३ सालीच छापून आलेलं. पण ते दोन तास! मे महिन्यात, घामात, चिकटपट्टी. काढताना भुवईचे केस येतात. खोबरेल तेलाचं बोट कडेने फिरवत काढायची युक्ती शेजारच्या वहिनींची. पट्टी असताना जवळचं बारीक काहीतरी करायला द्या, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मी रंगाच्या वह्या आणल्या, त्या बायने दोन दिवसांत संपवल्या आणि पट्टी ओढून काढली. शेवटी सासूबाईंनी तिला अबोली गाठायला बसवलं. केळीच्या सोपाचा दोर, दोन दोन फुलं उचलून आजीच्या हातात द्यायची, देठ एका बाजूला. फूल उचलताना पहिल्या दिवशी बोटं सुपात भलतीकडेच टेकायची. आषाढापर्यंत ती सुपातला तांदळातला खडा उचलायला लागली होती. हे सगळं उजवा डोळा झाकून.

मोबाईलवर डोळ्यांच्या व्यायामाचे पुष्कळ व्हिडिओ नातेवाईकांनी पाठवले. पेन्सिल नाकाजवळ आणायची वगैरे. बाईंना विचारलं. ज्यांचे डोळे जवळचं वाचताना एकत्र येत नाहीत त्यांच्यासाठी ते. बायचं दुखणं ते नव्हे. गाजरंही खाऊन झाली.

सहा आठवड्यांनी मोजलं तेव्हा चष्म्यासकट १८ प्रिझम. दिवाळीनंतर डावा डोळा ६/९. शस्त्रक्रिया? विचारली मी. डोळ्याला बाहेरून सहा स्नायू असतात. त्यातला कानाकडचा, बाहेर ओढणारा, सोडवून काही मिलिमीटर मागे शिवतात. कित्येक मुलांना ती लागते. पण तिने नंबर जात नाही, चष्मा राहतोच, आणि पुढे काही वर्षांनी डोळा परत बाहेर जायला लागणं दुर्मिळ नाही. बायची सध्या नको, कारण तिचा ताबा सुधारतोय. ताबा हाच बाईंचा शब्द. डोळा किती जातो याच्याइतकंच, गेलेला डोळा ती आपण होऊन परत आणते का, किती वेळात आणते, हे त्या विचारतात. घरी मोजायला सांगितलंय. मी हजेरीपुस्तकाच्या मागच्या पानावर लिहिते: मंगळवार, संध्याकाळी दोनदा, पापणी लवल्यावर आला. गुरुवार, ताप, बराच वेळ.

परवा सहामाही तपासणीला गेलो होतो. नंबर तोच, म्हणून चष्मा बदलला नाही. येताना आजऱ्याला बाय झोपली, चष्मा माझ्या हातात. आंबोलीच्या उतारावर गाडीने वळण घेतलं तशी जागी झाली. चष्म्याशिवाय, झोपेतली, घाटात. खिडकीतून धुक्याकडे बघत राहिली आणि डावा डोळा सुटला, सावकाश, बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत. मी चष्मा पुढे केला नाही, हाकही मारली नाही. मनातल्या मनात पापण्या मोजायला लागले. एक. दोन. तिसऱ्या पापणीला आला.

"काय बघतस?" तिने विचारलं, आणि हात पुढे केला चष्म्यासाठी.